मेंढरं किती?

"माय, जवळ कोणी हाय का?"

हरिओमनं फोनवर आधी हेच विचारलं. केवळाबाई ओसरीवर लोकर निवडत बसली होती. चुडाव्याच्या स्टेशनातून नुकतीच गाडी गेलेली. नवरा रायभान मेंढरं घेऊन येलदरी धरणाच्या काठाला गेला होता, तिकडं त्याचा फोन लागत नाही. घरात चिटपाखरू नव्हतं. तसं तिनं सांगितलं.

"मग नीट ऐक. हा माझा नवा नंबर. जुना चीनवाल्यांच्या हाती लागलाय. त्यांच्याकडं आवाज चोरायची मशीन हाय. माझ्याच आवाजात तुला फोन यील, माय म्हणंल, रडंल बी. तू भुलू नको."

केवळाबाईनं लोकर बाजूला ठेवली. तिची दोन्ही पोरं फौजेत, दोघंही चीनच्या हद्दीवर. हरिओम लडाखात, धाकटा आदिनाथ अरुणाचलात. आणि आवाज चोरीला जाऊ शकतो हे तिला पटायला वेळ लागला नाही. भरतीच्या आधी हरिओम ओव्या म्हणून मोबाईलवर टाकायचा, पंचक्रोशी ऐकायची. पलटणीनं ते बंद करायला लावलं, पण एकदा बाहेर गेलेला आवाज परत कुठं येतोय?

"मग तुला वळखू कसं रे लेकरा?"

"खूण ठरवू. फोन उचलला की तू इचारायचं, मेंढरं किती? मी म्हणन, एकशे सतरा. जो आकडा सांगणार न्हाई त्याचा फोन तिथंच कट. आन् हे बाला सांगू नको, आदिनाथला बी नको. त्यांचे फोन ऐकायलेत."

मेंढरं किती. केवळाबाईच्या जिभेवर शब्द अडखळले. या घरात मेंढरांचा आकडा कोणी तोंडातून काढत नसे. दृष्ट लागते म्हणतात. तलाठ्यानं विचारलं तरी रायभान "देवाची हायत तेवढी" म्हणून हात जोडायचा. पण एकशे सतरा हा काही खरा आकडा नव्हता. आणि लेकरांच्या जिवापुढं दृष्ट काय घेऊन बसायचं? ती हो म्हणाली.

दुसऱ्या दिवशी फोन आला. तिनं विचारलं, त्यानं झटकन आकडा सांगितला. तिचा जीव भांड्यात पडला. मग तो आदिनाथविषयी बोलत राहिला.

"माझा फोन त्यो उचलंना, माय. लय काळजी वाटायली. कुठं ठिवलंय त्याला?"

भावाची माया. केवळाबाईला भरून आलं. आदिनाथ तिला जे जे बोलला होता ते तिनं सगळं सांगितलं.

आणि तिसऱ्या दिवशी तो दुसरा फोन आला.

तिला वाचता येत नव्हतं, म्हणून पोरांनीच जाताना आपापले फोटो नंबराला लावून दिले होते. पडद्यावर हरिओमचा वर्दीतला फोटो उजळला. जुना नंबर. तरी तिनं उचलला, खात्री करायला.

"माय, मी हरिओम. बरी हायस का?"

तोच आवाज. 'माय'वर किंचित रेंगाळणारा. पाठीमागं वारा सुटलेला.

"मेंढरं किती?" तिनं विचारलं.

पलीकडून हळूच, दबकत, "माय... हे काय इचारायलीस?"

तिनं फोन कापला. मेल्यांनी काय हुबेहूब उचललं होतं पोराला! ती देवापुढं जाऊन बसली, पण हात जोडून नुसतीच बसून राहिली.

संध्याकाळी नव्या नंबरवर तिनं ते सांगितलं. "शाब्बास माय," तो म्हणाला. पोरानं आईला शाब्बास म्हणावं याची तिला गंमत वाटली. फौजेत असंच बोलत असतील.

मग फोटो वारंवार उजळू लागला. सकाळी, दुपारी, ती भाकरी थापत असताना. लेकराचं तोंड समोर हसायचं आणि ती लाल खुणेवर बोट ठेवायची. शेवटी तिनं फोन घोंगडीखाली घातला, तरी तिथून त्याची थरथर जमिनीला लागायची.

रविवारी आदिनाथचा फोन आला. "उद्या सकाळी वरच्या चौकीला निघायलो, माय. नव्या घाटानं, चार गाड्या हायत. चार दिवस फोन लागणार न्हाई, घाबरू नको. कुणाला सांगू नको बरं."

कुणाला म्हणजे परक्याला. सख्खा भाऊ काय परका आहे? संध्याकाळी हरिओमनं आकडा सांगितल्यावर तिनं त्याला सांगितलं. कोणता घाट, किती गाड्या, हे त्यानं दोनदा विचारून घेतलं.

सोमवारी सकाळची गाडी गेली आणि थोड्या वेळानं दाराची कडी वाजली. फटीतून पाहिलं तर हरिओम. पाठीवर फौजी पिशवी, डोळे तांबरलेले.

"माय, माझा फोन का कट करायलीस? बाचा बी लागंना. मला ऱ्हावंना, सुट्टी काढून आलो."

केवळाबाईनं दार उघडलं नाही. आवाज चोरणारे तोंड चोरणार नाहीत कशावरून? एका हातानं तिनं कडी घट्ट धरली, दुसऱ्या हातात फोन होता.

"मेंढरं किती?"

बाहेर पिशवी खाली ठेवल्याचा आवाज आला. मग त्यानं मेंढरांच्या रिकाम्या वाड्याकडं पाहिलं, हात जोडले, आणि बापासारखाच आवाज खाली आणून म्हणाला, "देवाची हायत तेवढी. माय, आपल्यात असं इचारतेत व्हय?"

तिनं कडी काढली. दार आपोआप उघडलं. पोराच्या कपाळावर लहानपणी मेंढ्यानं मारलेल्या धडकेचा व्रण होता.

तेवढ्यात हातातला फोन वाजला. तिनं तो सवयीनं कानाला लावला.

"एकशे सतरा, माय," हरिओमचा आवाज म्हणाला. "आदिनाथ निघाला का?"