झालं म्हणेपर्यंत

पडदा पाण्यावर सुटा झाला. काचेच्या बंद पेटीला बसवलेल्या जाड हातमोज्यांत हात घालून ती त्याच्याखाली चौकट सरकवू लागली. किरणोत्सारी द्रव्याचा तो थर इतका पातळ, की त्यापुढे कांद्याचा पापुद्राही गोधडी वाटावा. चौकटीवर बसला की त्याचं टार्गेट होणार होतं. मग त्यावर कणांचा मारा. कण आरपार जावेत असा पातळ हवा, आणि आठवडेच्या आठवडे मारा सोसेल असा चिवटही. द्रव्य एवढंच उरलं होतं. फाटला, तर सगळंच मुसळ केरात.

तिने श्वास रोखला. हे बाबांनी शिकवलेलं. निवृत्त होईपर्यंत याच पेटीपुढे उभं राहून त्यांनी टार्गेटं केली होती. "काच बंद आहे, श्वास आत जातोच कुठे?" असं कुणी विचारलं की ते म्हणायचे, "आत जात नाही, हातात जातो." आणि काम करणारा 'झालं' म्हणेपर्यंत खोलीत कुणी तोंड उघडायचं नाही. बाबा गेले घरी, नियम राहिला.

सकाळी दवाखान्यातून तिचा पाय निघत नव्हता. बाबांनीच हाकललं. "ते द्रव्य रोज विरतंय, ते काही थांबणार नाही. मी थांबतो. जा तू." दादा होता त्यांच्याजवळ. म्हणून ती आली होती.

मागे दार उघडलं. पेटीच्या काचेत तिला रेडिओ दिसला. किरणोत्सर्ग मोजणारा तिचा सहकारी. तोंडाचा पट्टा कधी बंद नसतो, म्हणून बाबांनीच ठेवलेलं नाव. 'झालं'च्या आत बोलला म्हणून बाबांच्या सगळ्यात जास्त शिव्या त्यानेच खाल्लेल्या. आज तो दाराशीच थांबला. हातात तिचा बाहेर ठेवलेला फोन होता. डोळे लाल. तो एक शब्द बोलला नाही, आणि तिला कळलं.

तिचे हात मात्र हलले नाहीत. चौकट वर आली, पाणी ओघळलं, पडदा ताणून बसला. कुठे चीर नाही, सुरकुती नाही. इतकं चांगलं टार्गेट तिच्या हातून आजवर उतरलं नव्हतं. पहिलं बाबांना सांगायचं, असं तिच्या मनात येऊनही गेलं.

एवढा पातळ पडदा, बघता बघता सुकला. ती तशीच उभी राहिली. एक शब्द म्हटला की रेडिओ बोलणार. तोवर बाबा सकाळचेच होते, खाटेवरून तिला हाकलणारे. छाती फुटायची वेळ आली, तरी ती श्वास सोडेना.

"ताई..." शेवटी त्याला राहवेना.

"थांब. अजून व्हायचंय," ती उरल्यासुरल्या श्वासात म्हणाली.

सुकलेली चौकट त्यालाही दिसत होती. तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

मग तिचा श्वास आपोआप सुटला. "झालं," ती म्हणाली, आणि तिचे बाबा गेले.