अनोळखी पत्ता

धाकटी दुकानात शिरली तेव्हा थोरलीने शिलाई मशिनवरचं झाकणसुद्धा काढलेलं नव्हतं. ती कापडं बेतायच्या टेबलाशी मोबाइल हातात घेऊन उभी होती. नेहमीसारखं "उशीर केलास" असंही ती म्हणाली नाही.

"कुठं पाठवलेस?" तिने विचारलं.

धाकटीला काही कळेना. थोरलीने मोबाइल तिच्यापुढे धरला.

दोघी बहिणी मिळून लांबलांबच्या नृत्यसंस्थांचे पोशाख शिवत. पैसे बिटकॉइनमध्ये येत, आणि साठले की हाच गाळा विकत घ्यायचा, असं दोघींचं ठरलेलं. ते ठेवायचं पाकीट, म्हणजे दुकानातल्या कॉम्प्युटरवरचा एक प्रोग्राम, थोरलीनेच पसंत केलं होतं. मोबाइल हरवतो, म्हणून मोबाइलवरचं नको. कंपनीकडे ठेवले तर किल्ली परक्याच्या हातात, म्हणून तेही नको. बाकीच्या प्रोग्रामांना नाकं मुरडून झाल्यावर तिने हा घेतला, आणि वर, मला यातलं काही कळत नाही, असंही सगळ्यांना सांगत राहिली.

पण कॉम्प्युटर चालू व्हायला फार वेळ खाई. एका मोठ्या संस्थेने वर्षभराच्या कामाचे पैसे ज्या पत्त्यावर एकरकमी पाठवले होते, तो अक्षरांचा लांबलचक पत्ता म्हणून थोरलीने मोबाइलमध्ये जपून ठेवला होता. इंटरनेटवर तो टाकला की त्यावरची शिल्लक कुणालाही दिसते. रोज सकाळी मशिनला तेल घालायच्या आधी ती तिथं डोकावून घेई. घरातून निघताना गॅस बंद केलाय ना, हे पुन्हा बघावं तसं.

आज तिथं शून्य होतं. थोडेसे कापडवाल्याला गेले होते, ते तिला ठाऊक होतं. काल धाकटीनेच एकटीने बसून त्याचं बिल भागवलं होतं. बाकीचे सगळे त्याच वेळी एका अनोळखी पत्त्यावर गेले होते.

"हा कुणाचा पत्ता? तुझ्या नवऱ्याचा?"

धाकटीचा चेहरा खर्रकन उतरला. ती कॉम्प्युटरपाशी गेली आणि तिने बटण दाबलं. कॉम्प्युटर आपल्या चालीने घरघरत राहिला. तेवढ्या वेळात थोरलीने सगळी जुनी गाठोडी सोडली. उशिरा येणं, लवकर जाणं, नवऱ्याचा बुडालेला धंदा, आणि तुला सुईत दोरा ओवायला कुणी शिकवलं, हेसुद्धा. धाकटीच्या पिशवीत फोन थरथरत होता. तो थांबला, पुन्हा थरथरायला लागला. तिने तो घेतला नाही.

मग पाकीट उघडलं. कापडवाल्याचे आणि पाठवणावळीचे तेवढे वजा होऊन बाकी सगळे जागच्या जागी होते. खाली यादीत दोन पत्ते दिसत होते, जुना आणि तो अनोळखी. दोन्ही त्यांचेच.

थोरलीने चष्मा पुसून पुन्हा बघितलं. "पण इथं आले कसे?"

धाकटीने फळीवरून अस्तराचा तागा काढून टेबलावर टाकला. "हातभर अस्तर हवं असलं तरी तू अख्खा तागा काढतेस ना? कापून उरलेला पुन्हा गुंडाळतेस. हा प्रोग्राम उरलेला तागा जुन्या खणात ठेवत नाही, स्वतःहून नवा खण करतो. बाहेरच्याला आपलं सगळं कपाट दिसायला नको म्हणून. नवा खणही आपलाच. किल्ली तीच."

पाकीट घेतलं तेव्हाही धाकटीने हे सांगितलं होतं. थोरलीने "हो, हो" म्हणत कानाआड केलं होतं.

थोरली स्टुलावर टेकली. तिच्या जिवात जीव आला आणि पाठोपाठ लाजही वाटली. सकाळपासून घशाखाली पाणी उतरलं नव्हतं, हे तिला आत्ता जाणवलं. मी पण ना, अगदी वेडी आहे, असं म्हणून ती एकटीच हसली. चहा सांगते, म्हणाली.

धाकटी हसली नाही. "ताई, सकाळपासून कुणाकुणाला सांगितलंस?"

"कुणाला नाही गं." थोरलीने टेबलावरची कात्री उचलून सरळ ठेवली. "आईला. फक्त आईला."

पिशवीत फोन पुन्हा थरथरू लागला. धाकटीने तो बाहेर काढला, नाव बघितलं, स्पीकर सुरू केला आणि बहिणीपुढे सरकवला.

"तूच सांग तिला," ती हळूच म्हणाली.

थोरलीने तोंड उघडलं, पण आईने आधीच बोलायला सुरुवात केली होती. आवाजात राग अजिबात नव्हता. तापातल्या मुलाशी बोलावं तशी ती बोलत होती.

"घाबरू नकोस. मी चिडले नाहीये. मला वाटलंच होतं, कधीतरी असं होणार. तू मुकाट्याने परत ठेव, ताईची समजूत मी घालते. बाकी कुणाला कळणार नाही."

धाकटीने अस्तराचा तागा पुढे ओढला आणि कडेला कड लावून गुंडाळायला घेतला.

"ऐकतेस ना गं?" आईने विचारलं.

दोघीही ऐकत होत्या.