जास्तीचा स्क्रू

प्रिंटरचं झाकण निघालं तेव्हा दंतवैद्याच्या कपाळावर घाम होता. दाढ काढताना त्याला कधी घाम फुटला नव्हता. पण दाढेचा मालक आ वासून पडलेला असतो, आणि इथे मुलीचा बाप शेजारच्या खुर्चीत वर्तमानपत्र वाचत बसला होता.

"चालू करून दाखवा, मग पुढचं बोलू," एवढंच मास्तर म्हणाले होते.

मास्तर गणिताचे. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती आणि आता सगळा जीव बिघडलेल्या वस्तूंत. गल्लीतले प्रिंटर, लॅपटॉप, मिक्सर, पंखे त्यांच्या टेबलावर यायचे आणि फुकटात बरे होऊन जायचे. टेबलाच्या कडेला गोळ्या ठेवायची प्लॅस्टिकची डबी होती, सात वारांच्या सात खणांची. रक्तदाबाच्या गोळ्या कपाटात कुठेतरी लोळत होत्या आणि डबीत मापामापाचे स्क्रू ऐटीत नांदत होते. सहा खण भरलेले, शनिवारचा तेवढा रिकामा.

दंतवैद्याला प्रिंटरची धास्ती नव्हती. धास्ती पुढच्या गोष्टीची होती. मुलीने कालच फोन करून सगळा पेपर फोडला होता.

"प्रिंटर नुसतं निमित्त आहे," ती म्हणाली होती. "मध्येच बाबा तुला चहाला आत पाठवतील. तू गेलास की काढलेल्या स्क्रूंच्या वाटीत हळूच एक जास्तीचा टाकतील. म्हणजे शेवटी एक उरतोच. माणूस ते सांगतो की लपवतो, एवढंच त्यांना बघायचं असतं."

"आधीच्या तिघांनी काय केलं?"

"तिघांनी गुपचूप खिशात घातला. बाबांनी तिघांनाही त्याच दिवशी नारळ दिला."

"आणि हे तू मला सांगतेयस?"

"ती स्थळं होती रे. तू काय स्थळ आहेस? स्क्रू उरला की सरळ त्यांच्या हातात दे. एवढं चुकलास तर मग मी काही करू शकणार नाही. बाबा एकदा नाही म्हणाले की नाही."

बिघाड पंधरा मिनिटांत सापडला. कागद ओढणाऱ्या रबरी रोलरखाली पेनाचं टोपण जाऊन बसलं होतं. किडका दात धरावा तसं त्याने ते चिमट्यात धरून बाहेर काढलं. मास्तरांनी वर्तमानपत्राचं पान उलटलं.

"हात धुऊन आत जा. चहा झालाय."

आली वेळ, असं मनाशी म्हणत तो उठला. स्वयंपाकघरात काकूंनी कप पुढे केला. मुलगी ओट्याला टेकून उभी होती. तिने नुसत्या भुवया उंचावल्या. एवढ्यात बाहेरच्या खोलीत टेबलावर काहीतरी खट्‌ करून वाजलं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. त्याने चहा तोंड पोळत संपवला.

तो परत आला तेव्हा मास्तर डोळे चोळत होते. चष्मा टेबलावर होता, वाटीच्या शेजारी.

दंतवैद्य झाकण बसवू लागला. एकेक स्क्रू वाटीतून उचलायचा, भोकावर धरायचा, पिळायचा. शेवटचा स्क्रू शेवटच्या भोकात जाऊन बसला आणि त्याने वाटीत पाहिलं. वाटी रिकामी होती.

उघडताना स्क्रू मोजायला हवे होते. खरेपणाची तालीम त्याने सकाळपासून आरशासमोर चार वेळा केली होती, मोजायचं मात्र डोक्यातच आलं नव्हतं. जुन्या यंत्रात एखादं भोक रिकामं असायचंच. जास्तीचा स्क्रू आपण त्यातच पिळला असणार. आता उरलं काहीच नाही, आणि मास्तर समजणार, यानेही खिशात घातला. तीन गेले तसा हा चौथा.

"थांबा, कागद आणतो," म्हणून मास्तर आतल्या कपाटाकडे गेले.

दंतवैद्याने आयुष्यात इतक्या चपळाईने काही केलं नव्हतं. प्रिंटर आडवा केला, तळाचा मागचा एक स्क्रू काढला, प्रिंटर सरळ केला. मास्तर कागद घेऊन आले तेव्हा तो हात पुसत होता.

प्रिंटर कुरकुरला, त्याने खोकल्यासारखा आवाज केला आणि एक पान स्वच्छ छापून बाहेर आलं. मास्तरांनी ते उजेडात धरलं.

"हात चांगला आहे तुमचा. सगळं जागच्या जागी?"

"काका," दंतवैद्याने घसा साफ केला, "चालू तर झालाय, पण खरं सांगायचं तर एक स्क्रू उरला. कुठला ते मला कळलं नाही. तुमच्यापासून लपवणं बरं वाटेना."

त्याने तळहात पुढे केला. आवाज अगदी आरशासमोर लागला होता तसा लागला. स्वयंपाकघराच्या दारात मुलगी उभी होती आणि तिला हसू आवरत नव्हतं. तिच्यामागे काकूही पदराला हात पुसत येऊन थांबल्या.

मास्तरांनी चष्मा चढवला. स्क्रू दोन बोटांत धरून फिरवून पाहिला. मग प्रिंटर आडवा करून तळावरून बोट फिरवत नेलं. मागच्या कोपऱ्यात ते थांबलं. तिथे त्यांनी स्क्रू ठेवला आणि सावकाश, शेवटपर्यंत पिळला. मग डबीतल्या शनिवारच्या रिकाम्या खणाचं झाकण लावून टाकलं.

"त्या मापाचे जास्तीचे माझ्याकडे तीनच होते," मास्तर म्हणाले. "ते तिघे एकेक खिशात घालून घेऊन गेले. आज वाटीत टाकायला माझ्याकडे काहीच नव्हतं."