तिथं दादा राहते

"खेळ आहे ना? मग खेळून दाखव," असं म्हणून साहेबानं खुमेंद्रच्या कानाखाली दुसरी ठेवून दिली.

पहिली बसली होती ती नाक्यावर, मोटारसायकलला मागं बांधलेलं खोकं उघडलं तेव्हा. खोक्यात निघाला नकाशा. त्यावर गोंदिया जिल्ह्यातली गावं, नाले, डोंगर. सोबत लाल आणि खाकी सोंगट्यांची थैली. लाल सोंगट्यांवर खुमेंद्रनं स्वतःच्या हातानं 'दलम', म्हणजे नक्षल्यांची टोळी, असं लिहिलं होतं. काय म्हणावं ह्या शहाण्याला! खेळ बाहेरदेशी बनलेला, बंडखोर विरुद्ध सरकार. त्यातला परका मुलूख काढून ह्या गड्यानं आपलं जंगल चिकटवलं, आणि कुडव्याहून नक्षल्यांच्या पट्ट्यात निघाला, भर दुपारी. आता चौकीच्या मागच्या खोलीत टेबलावर तो नकाशा पसरला होता, आणि हवालदार दुधराम काठी घेऊन खुमेंद्रच्या मागं उभा होता.

"सरकार मी," साहेब म्हणाला. "तू तुझी बाजू घे. लाल."

"माही बाजू नाही साहेब, गेममधली..."

काठी तळहातावर आली. खुमेंद्रनं लाल सोंगट्या उचलल्या.

खेळ किचकट, पण साहेब हुशार, भराभर शिकला. खाकी सोंगटी गावात घातली की झडती. लाल सोंगटीनं गावातला एक माणूस मारला की गाव भिऊन लालच्या ताब्यात येणार. तिथं काळी चकती ठेवायची. खुमेंद्र सुजलेल्या बोटांनी चकत्या ठेवत गेला. प्रत्येक चकतीला साहेब विचारी, "इथं कोणाला मारलं?"

"कोणालेच नाही साहेब, कागद आहे हा," असं तो म्हणे, की काठी पडे. शेवटी एकदा तो रडत म्हणाला, "पोलीस पाटलाले," आणि काठी थांबली. पुढच्या चकतीला त्यानं न विचारताच सांगून टाकलं, "सरपंचाले." मारापुढं माणूस काय काय शिकतो!

मग साहेब नकाशावर वाकला. "थांब. हे कोसमटोला. हे गाव घेतलंस की माझा रस्ता बंद, मी हरलो. दोनदा संधी आली तुला. का नाही घेतलंस?"

खुमेंद्रनं मान खाली घातली. दुधरामनं केस धरून त्याची मान वर केली.

"तिथं दादा राहते, साहेब."

साहेबानं हातातली खाकी सोंगटी खाली ठेवली.

साहेब साताऱ्याकडचा. बदली होऊन आल्या दिवसापासून त्याला एकच घोकवलं होतं: इथली माणसं नक्षलवाद्याचं नाव घेत नाहीत, नुसतं 'दादा' म्हणतात. दादा आले, दादा जेवून गेले. तोच शब्द आज आपसूक त्याच्या टेबलावर येऊन पडला होता. त्याला तर हर्षवायूच व्हायचा बाकी होता.

"किती दादा आहेत?"

"एकच."

"आत्ता आहे तिथं?"

"आहे ना. माही वाटच पाहून राहिला असन. त्याच्यासंगंच खेळाले जाऊन राहिलो होतो."

दुधरामनं उगारलेली काठी खाली घेतली. तो जवळच्याच कामठ्याचा, त्याला बरोबर समजलं होतं. "साहेब, सख्ख्या भावाले म्हणून राहिला तो. मोठ्या भावाले."

साहेबानं त्याच्याकडं वळून पाहिलं. "तूही इथलाच ना रे, दुधराम?"

दुधराम गप्प झाला. घरी बायको होती, लेकरं होती, नोकरी टिकवायची होती. पण गप्प झाला तो झालाच. आता त्याला काय म्हणायचं ते म्हणा.

साहेबानं वायरलेस उचलला. जवानांची पार्टी कोसमटोल्याच्या जवळच फिरत होती. "गावात दादा आहे. खबर पक्की. घ्या त्याला."

तेव्हा कुठं खुमेंद्रच्या डोक्यात उजेड पडला. टेबल ढकलून तो उठला. "अरे भाऊ आहे माहा! टिकेश बिसेन! शाळेवर मास्तर आहे! साहेब, भाऊ म्हणतो मी, भाऊ!"

साहेबानं कोपऱ्यातली रायफल उचलली आणि दस्ता त्याच्या तोंडावर हाणला. दात तुटले, नकाशाभर रक्त झालं. तरी तो ओरडतच होता, पण ओठ फुटलेल्या तोंडातून 'भाऊ'चा नुसता 'आऊ' निघत होता. साहेबानं पुन्हा हाणलं. दुधरामनं त्याला भिंतीशी दाबून धरलं. दाबता दाबता तो स्वतःच रडायला लागला.

बऱ्याच वेळानं वायरलेस खरखरला.

"एक पडला, साहेब. शाळेच्या मागून पळत होता. चष्मेवाला."

"हत्यार मिळालं?"



"मिळेल, साहेब."

दुधरामनं हात काढले, तसा खुमेंद्र भिंतीवरून घसरत खाली बसला. साहेबानं रुमालानं हात पुसले. तेवढ्यात त्याच्या खिशातला मोबाईल वाजला. नाव बघून त्यानं तो लगेच कानाला लावला आणि खिडकीकडं वळला.

"हां दादा, बोल," तो म्हणाला. "जेवलो की. तू जेवलास?"