शेवटचं कडवं

पाणी शिंपडून दिलेला बाप्तिस्मा खरा की पाण्यात बुडवून दिलेला, हा वाद वर्षातून एक दिवस बाजूला ठेवायचा आणि कोल्हापुरातल्या सगळ्या ख्रिस्ती मंडळ्यांच्या बायकांनी एकत्र प्रार्थनेला बसायचं, अशी रीत. यंदा शेजारच्या टाळ्या-ढोलकीवाल्या मंडळीतली वर्षाराणी गायला उठली आणि मार्थाअक्कांच्या अंगाचा तिळपापड झाला. ही तर त्यांच्या सासूबाईंनी जात्यावर रचलेली मरियेची ओवी! तीस वर्षं दर रविवारी देवळात ती म्हणावी तर अक्कांनीच. आणि आज त्यांच्याच मंडळीतल्या बायका या पोरीपायी पदरानं डोळे टिपत होत्या.

वर्षाराणी शेवटचं कडवं न म्हणताच खाली बसली, तेव्हा कुठं अक्कांचा जीव जरा थंड झाला.

चहाच्या वेळी त्यांनी तिला गाठलंच. "चोरायचीच हुती तर पुरती तरी चोरायची की गं!"

"कशी चोरू, अक्का?" पोरगी ओशाळली. "दर रविवारी तुमच्या देवळाच्या खिडकीखाली उभी ऱ्हाऊन शिकले. पर शेवटच्या कडव्याला आमची माणसं जमून ढोलकी वाजवाय लागत्यात, आन् तुम्ही खिडकी लावून घेताय."