उठले का?

"उठले का?" मॅनेजर ईरप्पांनी दारातून पुन्हा विचारलं. संगमेशनं मान न वळवताच नाही म्हटलं.

नवी पेठेतल्या त्या पतसंस्थेचे सगळे सर्व्हर सकाळपासून एकच रड लावून बसले होते: डिस्क सापडत नाही. सापडणार कुठून? त्यांच्या पोटात डिस्क नव्हतीच. संगमेशनंच हट्टानं काढून टाकल्या होत्या. आता सगळे नेटवर्कवरून, एकाच मोठ्या स्टोरेजमधून सुरू व्हायचे. फायदा काही खोटा नव्हता. गेल्या उन्हाळ्यात एक सर्व्हर जळाला, तर शेजारचं रिकामं मशीन त्यानं चहा निवायच्या आत त्याच्या जागी उभं केलं. संचालकांनी पाठ थोपटली. त्यांच्यातले म्हातारे अनिलकुमार तेवढे म्हणाले होते, "एकेक छोटी डिस्क असू दे की प्रत्येकाला. त्या एकाची वाट तुटली तर सगळेच आडवे होतील."

आज वाट तुटली होती, आणि ती सगळी मांडणी एकट्या संगमेशच्या डोक्यात होती.

तेही नेमकं आजच. अर्धांगानं अंथरुणाला खिळलेली त्याची आई, सुंदरम्मा, कालपासून पाणीसुद्धा गिळत नव्हती. दुधनीला घरी निघालेला तो वाटेत ऑफिसात डोकावला आणि अडकला. आतल्या खोलीत रेंज नसायची, म्हणून मोबाइल बाहेर काउंटरवरच्या ऋतुजाकडे देऊन ठेवला होता. क्षणाक्षणाला त्याचा जीव घराकडे ओढ घेत होता.

दुपारी दोष सापडला. एक तार तुटली तर दुसरी असावी म्हणून त्यानं स्टोरेजला दोन तारा जोडल्या होत्या, पण दोन्ही नेटवर्कच्या एकाच स्विचमधून नेल्या होत्या. तोच मेला होता. स्वतःच्या शहाणपणाची त्याला चीड आली. त्यानं स्विच बदलला, आणि एकेक सर्व्हर उठू लागला. ईरप्पांनी बाहेर जाऊन आरोळीच ठोकली.

तेवढ्यात ऋतुजा हसत दारात आली. "सर, अजून एक चांगली बातमी हाय! तुमच्या अप्पांचा फोन आलता. आई उठून बसल्या."

संगमेश जागचा हलला नाही. किती महिने त्यानं याच वाक्याची वाट पाहिली होती. क्षणभर त्यानं ते घट्ट धरून ठेवलं. मग हळूच विचारलं, "अप्पा काय म्हणाले नेमकं? उठून बसली म्हणाले, की आईला बसवलंय म्हणाले?"

"बसवलंय म्हणाले." ऋतुजा गोंधळली. "लगेच ये म्हणावं, म्हणाले. लई शांत बोलत होते. का वो सर?"

ती करकंबची, दुसऱ्या समाजातली. तिला कसं ठाऊक असणार? संगमेशच्या लिंगायत घरात गेलेल्या माणसाला आडवं ठेवत नाहीत. अंघोळ घालून, कपाळाला विभूती लावून भिंतीशी बसवतात, आणि तसंच बसलेलं मातीत ठेवतात.

तिला सांगायला त्यानं तोंड उघडलं. पण तिच्या चेहऱ्यावरचं हसू इतकं खरं होतं की ते पुसायचं त्याच्या जिवावर आलं.

"काही नाही," तो म्हणाला. "निघतो मी."

"पळा की मग," ऋतुजा त्याच्या हातात मोबाइल देत म्हणाली. "बसल्यात तवर बोलून घ्या."