कुर्ल्याची कुस्ती

“कुर्ल्याला मी तुला पाडलं, का तू पडलास?”

भाऊरावानं हे विचारलं तेव्हा त्याचा उजवा हात सहदेवच्या मांडीवर होता. तिळाचं तेल गरम करून सहदेव तो दंडापासून खाली चोळत होता. लकव्यानं हात गेला त्याला आठ महिने झाले होते. एकेकाळी या दंडाला टाळ्या पडायच्या. आता कातडं लोंबत होतं, ओल्या गोणपाटासारखं.

जानकी चहाचे कप आणि बिस्किटं घेऊन दारात आली होती. ती तिथंच थबकली.

मरोळच्या त्या बैठ्या चाळीत सहदेव हाडं बसवायचा. कारखान्यातली माणसं मुरगळलेले पाय आणि निखळलेले खांदे घेऊन यायची, ओट्यावरच्या बाकावर बसायची, आणि तेल तापेपर्यंत त्याच्याकडून जुन्या गोष्टी काढून घ्यायची. तंबूतल्या फ्रीस्टाइल कुस्त्यांच्या दिवसांत सहदेव ‘बगदादचा जल्लाद’ होता. गाव कणकवलीच्या अलीकडे. तोंडावर काळा मुखवटा, आणि तंबूवाल्या नंदकिशोर शेठची सक्त ताकीद, की लोकांसमोर तोंड उघडायचं नाही. एक मालवणी शब्द बाहेर पडला की बगदाद संपलं. भाऊराव होता घाटकोपरचा शेर. कोण जिंकणार ते शेठ आधीच ठरवायचा. जल्लादानं कपट करायचं, बायकांनी त्याला शिव्या घालायच्या, मग शेरानं त्याला उचलून आपटायचं. खूण ठरलेली. समोरच्यानं मनगट दोनदा दाबलं की पडायचं. भाऊरावानं चाळीस वेळा दाबलं, सहदेव चाळीस वेळा पडला. मग दोघं मागच्या कनातीत एका ताटात मटण खायचे.

फक्त कुर्ल्याला, चौसष्ट साली, उलटं ठरलं. लोकांना कंटाळा येऊ नये म्हणून एकदा जल्लादाला जिंकू द्यायचं होतं. आणि नेमका त्याच दिवशी भाऊरावचा बाप साताऱ्याकडून पोराची कुस्ती बघायला आला. पहिल्यांदाच. पुढच्या रांगेत, फेटा बांधून. सहदेवनं मनगट दाबलं. भाऊराव पडेना. परत दाबलं. भाऊराव कानाशी म्हणाला, “आज न्हाई रं. म्हातारा बसलाय.” आणि सहदेव उताणा झाला.

पुढचं सगळ्या चाळीला पाठ होतं. म्हाताऱ्याकडे बघून सहदेवनं अंग सैल सोडलं होतं. जिंकायची एवढी एकच पाळी आली, तीही त्यानं दुसऱ्याच्या बापाला देऊन टाकली. जानकीच्या मामानं स्थळ आणलं तेव्हा हीच गोष्ट सांगितली होती. बाकी सांगण्यासारखं काही नव्हतंच. नाक बसकं, कान भज्यासारखे फुगलेले, नोकरी अशी नाहीच. जानकीनं होकार दिला तो त्या गोष्टीला.

आता ती गोष्ट फिरत फिरत घाटकोपरला पोचली होती. मरोळच्या एका फिटरनं भाऊरावाला गाठून, सहदेवचं मन किती मोठं, ते त्यालाच ऐकवलं होतं. तेव्हापासून आपल्याला झोप नाही, असं भाऊराव सांगत होता. जन्मभर ठरवलेल्या कुस्त्या केल्या. ही एक तेवढी आपली, असं धरून चाललो. बाप मरेपर्यंत गावभर तीच सांगत राहिला.

“दिली असशील तर तसं सांग, गड्या. पाया पडून जातो. पण सांग.”

बाकावर चाळीतलीच विमला होती, पाय मुरगळून आलेली. तिला राहवलं नाही. “अहो, विचारता काय? सोडली ना सहदेवभाऊंनी. इथल्या शेंबड्या पोराला माहीत आहे.”

जानकीला वाटलं, हातातलं बिस्कीट हिच्या तोंडात कोंबावं. तिनं नवऱ्याकडे बघितलं. भाऊरावाची ती एक कुस्ती होती, तशी ह्याची ही एक गोष्ट होती. मुखवट्याशिवायचा एक फोटोसुद्धा नव्हता घरात. ह्यानं आता बढाई मारली तर समोरचा माणूस इथंच कोसळणार होता. गप्प राहा, तिनं मनात म्हटलं. निदान गप्प तरी राहा.

सहदेवचा हात थांबला.

“मी सोडली नाय, भाऊराव,” तो म्हणाला. “होती नव्हती तेवढी ताकद लावली. तू पाडलंस मला.”

भाऊरावाच्या चेहऱ्याची जी बाजू हलत होती ती हसली. त्यानं डाव्या हातानं चहा घेतला, अर्धा सदऱ्यावर सांडला, आणि कोणाला पुसू दिला नाही. बस स्टॉपपर्यंत सोडायला येतो म्हटलं तर तेही नको म्हणाला. पाय ओढत, पण मान वर करून गेला. विमला पाय न बसवताच लंगडत निघाली. दिवेलागणीपर्यंत चाळीत एक दार सोडणार नव्हती ती.

जानकीनं तेलाची वाटी उचलली. तिचे डोळे भरून आले होते. वीस वर्षांच्या संसारात ह्या माणसाचा इतका अभिमान तिला कधी वाटला नव्हता. एकच कुस्ती ह्यानं दोनदा दान केली, आणि दुसऱ्यांदा तर स्वतःच्या दारात, चारचौघांत.

“बरा केलात,” ती म्हणाली. “खोटा बोललात, पण बरा केलात.”

सहदेव फडक्यानं एकेक बोट पुसत होता. सगळी बोटं पुसून झाली तरी त्यानं वर बघितलं नाही.

“ह्या खोटा असता,” तो म्हणाला, “तर सांगूक बावीस वर्सां लागली नसती गो.”